छोट्या सर्व्हरचा संसार आणि त्याचा जमाखर्च

संस्थेची सभासदवही, ग्रंथालयाची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे आता कपाटातून संगणकात जाऊ लागले आहे. कार्यालयात चार संगणक झाले की सर्वांना एकच वही वाचता यावी म्हणून सर्व्हर घ्यावा, अशी सूचना विश्वस्तांच्या सभेत येतेच. मग दरपत्रके मागविली जातात आणि पहिला प्रश्न निघतो, ‘सर्व्हर कोणता?’ आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे.

आधी केबल पाहावी. यंत्र पाच-सहा वर्षांनी बदलते. भिंतीत घातलेली तार मात्र गिलावा फोडल्यावाचून निघत नाही. कॅट-६ जातीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते. परंतु ती निखळ तांब्याची हवी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा चढविलेली स्वस्त केबलही बाजारात मिळते. तिचा विद्युतरोध अधिक असल्यामुळे कॅमेऱ्याला तिच्यातूनच वीज पुरवू लागलो की ती जास्त तापते. पेटीवर ‘सीसीए’ ही अक्षरे दिसली तर पेटी परत करावी. शंका असल्यास तारेचा तुकडा चाकूने खरवडावा. आत रुपेरी रंग निघाला की मुलामा उघडा पडला.

कार्यालय एका इमारतीत व वाचनालय दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधे तांब्याची तार ओढूच नये. आमच्या बेळगाव भागात वळवाच्या पावसात विजा कशा कडाडतात, हे सांगावयास नको. जवळ वीज पडली की तिचा धक्का तारेतून दोन्हीकडच्या यंत्रांत शिरू शकतो. काचेच्या धाग्याची केबल वीज वाहून नेत नाही. तिला दोन पैसे अधिक पडतात, ते द्यावेत.

आता स्विच. (दिव्याचे बटण नव्हे, सर्व तारा जेथे एकत्र येतात ती पेटी.) १००० मेगाबिट म्हणजे आठाने भागून १२५ मेगाबाइट. साध्या फिरत्या डिस्कचा वेगही साधारण एवढाच किंवा थोडा अधिक. तेव्हा जमाखर्चाच्या वह्यांसाठी दहापट वेगाचा स्विच घेणे म्हणजे बोळात आगगाडीचे रूळ टाकणे होय. त्याऐवजी ‘व्हीलॅन’ची सोय असलेला स्विच घ्यावा, म्हणजे वाचनालयात येणाऱ्यांचे फोन हिशेबाच्या वह्यांपासून वेगळे ठेवता येतात. गरजेपेक्षा चार-सहा जागा जास्त असाव्यात.

कोणी जुना मोठा सर्व्हर देणगी म्हणून देऊ केला, तर आभार मानण्यापूर्वी गणित करावे. सातवीच्या मुलालाही ते जमेल. २०० वॅट खाणारे यंत्र अहोरात्र चालले तर वर्षाला १७५२ युनिटे होतात. ६० वॅटच्या छोट्या यंत्राची सुमारे ५२६. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला सुमारे ९,८०० रुपयांचा फरक पडतो. फुकटचा हत्ती दारी बांधला तरी चारा आपलाच!

यूपीएस व अर्थिंग यांत काटकसर नको. आणि दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटतो म्हणून राखण झाली असे समजू नये. शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी एखादा अर्ज चुकून पुसला गेला, तर तो दोन्हींवरून एकदमच जातो. गरीब मुलाचे वर्ष त्यावर अवलंबून असते. यासाठी तिसरी, बाहेरची डिस्क घ्यावी, दर आठवड्याला प्रत काढून ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून एखादा अर्ज खरोखर परत उघडून पाहावा. ही डिस्क विक्रेत्याच्या दरपत्रकात बहुधा नसते. सभेत तिची रक्कम आपणच लिहून घ्यावी लागते.