जामाची विरळणी

बाळ, तुझी बाग यंदा पहिल्यांदाच लदबदून फळली, म्हणून सांगते. आपल्या माळव्यात पेरूला जामच म्हणतात, मीही जामच म्हणणार.

मृगाचा बहार सुपारीएवढा झाला की विरळणीला लाग. लिंबाएवढा होईपर्यंत थांबू नकोस. फळात पेशी तयार होतात त्या सुरुवातीलाच, पुढे त्या नुसत्या फुगतात. उशिरा तोडलेल्या फळाने झाडाचं खाल्लेलं परत मिळत नाही.

जामाचं फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत येतं. कधी एक, कधी दोन-तीन. तिघांतलं मधलं बहुधा थोरलं असतं, ते ठेव. पण त्यालाच डाग असेल तर माया न करता तेच काढ. एका फुटव्यावर एक, फार तर दोन. फुटवा पेन्सिलीहून बारीक असेल तर एकही नको. हाताने ओढू नकोस, कोवळी साल सोलून येते. कात्रीने देठ काप.

आपली जुनी झाडं सरदार, म्हणजे लखनऊ-४९. नाव लखनऊचं, पण निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली, डॉ. चीमांनी १९२७ साली केलेली. ही जात भरभरून लागते, आपणहून थांबत नाही. तू लावलेली व्हीएनआर बिही मोठ्या फळासाठीच घेतात. तिची विरळणी चुकवलीस तर हातचं घालवलंस. विरळल्यावर उरलेल्या फळांना फोमची जाळी आणि पिशवी लगेच चढव, म्हणजे फळमाशी टोचणार नाही.

मला पहिल्या वर्षी हात धजला नव्हता. हिरवी फळं खाली पडताना पोटात कालवायचं, म्हणून सगळी ठेवली. पिकता पिकता ओझ्याने मोठी फांदी बेचक्यातच चिरली. इंदूरच्या चोइथराम मंडीत माल नेला तर सगळा बारीक, शेवटपर्यंत पडून राहिला आणि मिळेल त्या भावात गेला. दुसऱ्या वर्षी निम्मी तोडली. काट्यावर वजन थोडं कमी भरलं, हे खरं. पण माल हातोहात उचलला गेला आणि पट्टी आधीपेक्षा जास्त आली. झाडही थकलं नाही, पुढच्या बहाराला जोमाने फुटलं.

एकदा काढून भागत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा फिर, पानाआड लपलेली तेव्हाच दिसतात. किडकी खाली टाकू नकोस, खोल खड्ड्यात पूर.

विहिरीकडची ओळ मात्र माझ्यासाठी ठेव. ती मी स्वतः कात्री घेऊन करीन. उंच फांद्या तेवढ्या तू वाकवून धर.