जुन्या स्वयंपाकघराची सुधारणा कोठून आरंभावी?

घर सुधारावयाचे म्हटले की आपल्या मनापुढे प्रथम ओटी उभी राहते. पाहुणा जेथे बसतो तेथे फरशी बसते, भिंतीस रंग लागतो, खुर्च्या येतात. स्वयंपाकघराची पाळी सर्वांच्या शेवटी येते. आणि आली तरी गवंड्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो टाइल कोणत्या रंगाची, हा. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. खेड्यातील जुने स्वयंपाकघर नवे करताना पहिला रुपया कोठे खर्चावा, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. आमचे उत्तर असे, की पहिला रुपया धुरावर, दुसरा उजेडावर, तिसरा सांडपाण्यावर. ओटा त्यानंतर, आणि टाइल, काही उरल्यास.

जुन्या घराची निंदा करणे आमच्या मनात नाही. देशावरील धाब्याच्या घरात चुलीच्या वर साणे ठेवीत. कोठे त्यास सवणे म्हणतात. त्या भोकातून धूर वर जाई व उजेड खाली येई. कोकणातील कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जात असे. पुढे धाब्याच्या जागी पत्रे आले, पत्र्याखाली भिंती अगदी वरपर्यंत बांधून घेतल्या, चोराच्या भयाने खिडकी ठेवली नाही. साणे तर गेलेच. चूल मात्र होती तेथेच राहिली. म्हणजे पुष्कळ घरांत आजचे स्वयंपाकघर आजोबांच्या वेळेपेक्षाही अधिक कोंडलेले आहे. आपल्या घरचे आढे व वासे पाहावे. ते डांबरासारखे काळे झाले असतील, तर तीच काजळी स्वयंपाक करणाऱ्या माउलीच्या छातीतही रोज थोडी थोडी जात असते.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरात जळणाऱ्या लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली, व त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा जुना खोकला व दमा, हृदयविकार, मोतीबिंदू, या सर्वांशी त्या धुराचा संबंध आहे. ज्या बाईने जन्मात कधी विडी ओढली नाही तिची फुप्फुसे विडी ओढणाऱ्यासारखी खराब झालेली आढळतात. घरातील म्हातारी पहाटे खोकते तो वयाचा खोकला, असे म्हणून आपण सोडून देतो. तसे सोडू नये.

धूर घराबाहेर काढण्याचा यत्न नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले, १९४७ च्या सुमारास मगनचूल तयार झाली. पुढे १९५३ साली हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा नमुना लोकांपुढे ठेवला. १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला व त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. मग त्या गेल्या कोठे? पुष्कळशा मोडून टाकण्यात आल्या, व मोडणाऱ्या बायकांस आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. चुलीचे तोंड लहान, तेव्हा लाकूड बारीक फोडावे लागे. ते फोडणार कोण? धुराडे काजळीने भरे. ते साफ करावयास छपरावर चढणार कोण? आणि तव्यावरून उतरलेली भाकरी निखाऱ्याशी टेकवून फुगवावी, तर त्या चुलीपुढे तेवढी जागाच नसे. चूल बसविणाऱ्याने भाकरी भाजणारीस विचारले नव्हते, हे त्याचे मूळ.

तरी धुराड्याची कल्पना खोटी ठरत नाही. आजही चूल ठेवावयाची असेल तर चार इंच व्यासाची पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची नळी सरळ वर न्यावी. ती छपरापेक्षा दोन-तीन फूट उंच असावी व तिच्यावर पावसापासून टोपी असावी. वासे व गवत यांपासून नळी दूर ठेवावी. जुनी सिमेंटची नळी कोणी फुकट देऊ लागला तरी घेऊ नये. तीत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसास घातक आहे. चूल दोन तोंडांची असेल तर दोन्हींवर भांडे असावे. एक उघडे राहिले की धूर तेथूनच घरात येतो. महिन्यातून एकदा नळी झाडावी. हे काम घरातील पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांत गॅसची शेगडी पोहोचली. परंतु सिलिंडर भरून आणावयास पैसे लागतात, म्हणून चूल विझली नाही. चहा व भाजी गॅसवर, भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. त्यात एक धोका आहे व तो फारसा कोणी सांगत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो गळू लागला तर वर न जाता पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो. आणि आपली चूल तर जमिनीवरच पेटलेली असते! म्हणून एकाच खोलीत सिलिंडर व जमिनीवरची चूल ठेवू नये. चूल मागच्या पडवीत, दोन बाजूंनी मोकळ्या छपराखाली न्यावी. यास खर्च थोड्या मातीचा व एका दिवसाच्या श्रमाचा. आणि धुराचा अर्धा प्रश्न त्यानेच सुटतो. आमच्या दृष्टीने जुन्या स्वयंपाकघराची सर्वांत स्वस्त व सर्वांत मोठी सुधारणा हीच होय.

गॅससंबंधी आणखी थोडेसे. सिलिंडर उभा ठेवावा. खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नये. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. भिंतीत जमिनीलगत एक झरोका जाळी बसवून ठेवावा, म्हणजे गळलेला गॅस बाहेर जाईल. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आल्यास दिव्याचे बटण चालू करू नये व चालू असेल तर बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या व बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकास कळवावे.

आता उजेड. समजा, खोली दहा फूट लांब व आठ फूट रुंद आहे. म्हणजे जमीन ८० चौरस फूट. कोरड्या हवेच्या देशावर खिडक्यांचे क्षेत्र याच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे आठ चौरस फूट असावे. दोन फुटी दोन खिडक्या पुरतात. कोकणासारख्या दमट मुलखात सहावा हिस्सा हवा. खिडक्या समोरासमोर असल्या तर वारा खेळतो. एकाच भिंतीत दोन ठेवून तो लाभ होत नाही. जुनी भिंत पांढऱ्या मातीची, दीड-दोन हात जाड असते. ती फोडताना प्रथम तुळईचे टोक कोठे टेकले आहे ते पाहावे व त्याखाली कदापि भोक पाडू नये. आधी वरच्या बाजूस खाच पाडून लाकडाची किंवा दगडाची पाटण सरकवावी, ती दोहों बाजूंस वीतभर आत टेकावी, मगच खालची माती काढावी. आणि मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. आतला ओलावा कोंडतो, व काही पावसाळ्यांनंतर तो गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. चुन्याचा किंवा भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा त्या भिंतीस मानवतो. वर पांढरा चुना द्यावा; त्याने एका खिडकीचा उजेड दोहोंसारखा होतो.

सांडपाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते प्रत्येकास ठाऊक आहे व तरी कोणी करीत नाही. मोरीस पाच फुटांमागे इंचभर तरी उतार असावा. पाणी गल्लीत न सोडता परसात शोषखड्डा करून त्यात न्यावे. तो विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा. जवळ अळू व केळ लावावी. आपल्या आज्या हे करीतच होत्या.

ओट्याविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे, कारण येथेच पैसा व्यर्थ जातो. गवंडी सर्व घरांत एकाच मापाचा ओटा बांधतो, जणू सर्व बायका एकाच उंचीच्या असतात. स्वयंपाक करणारीने उभे राहून हात कोपरात दुमडावा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. पाच फूट उंचीच्या बाईस हे माप सुमारे ३२ इंच येते. शेगडीची स्वतःची उंची असते, म्हणून शेगडीखालचा भाग आणखी चार इंच खाली घ्यावा; नाहीतर कढईत डोकावण्यासाठी तिला टाचा उचलाव्या लागतात, व उकळते भांडे उतरविताना हात भाजण्याचे भय राहते. पीठ मळणे व भाकरी थापणे यांस वरून जोर लागतो. ज्यांस ते बसून करण्याची सवय आहे त्यांच्यासाठी परात व पाट मावेल एवढी मोकळी जमीन राखावी. ओटा केला म्हणून खाली बसणे गावंढळ झाले, असे कोणी समजू नये. गुडघे धरलेल्या म्हातारीस ओटा वरदान आहे. तिच्या सुनेस कदाचित दोन्ही हवे असेल. दगड कडप्पा असो वा शहाबादी, चालतो. चिंच व लिंबू यांनी त्यावर डाग पडतात एवढेच. ग्रॅनाईटवर ते पडत नाहीत, पण किंमत अधिक.

हे माप घेतो कोण? घरचा कर्ता गवंड्याशी अंगणात बोलतो, व जिला तेथे दिवसाचे कित्येक तास काढावयाचे असतात ती दाराआड उभी राहून ऐकते. आमच्या उपदेशक बंधूंस येथे सहज करण्याजोगे एक काम आहे. ज्या घरी अशी बांधणी निघाली असेल तेथे, विटा येण्यापूर्वी, घरधन्यास एका सायंकाळी चूल पेटलेली असताना दार लोटून स्वयंपाकघरात बसण्याची विनंती करावी. भाकऱ्या पुऱ्या होईतो उठू नये. मग खिडकी कोठे पाडावी, चूल कोठे न्यावी, पाणी हाताशी कोठे असावे, हे त्याने बायकोस विचारावे व तिच्या सांगण्याप्रमाणे कोळशाने भिंतीवर खुणा कराव्या.

कर्जासंबंधी आमचे मत कठोर आहे. चूल हलविणे, खिडक्या, मोरी व शोषखड्डा ही कामे सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांत घरच्या हातांनी पुष्कळशी होतात. गवंडी दोन-चार दिवसांपुरता लागतो. त्यासाठी सावकाराकडे जावे लागत नाही. ओटा पुढच्या वर्षी झाला तरी चालेल. टाइलसाठी व्याजाने पैसा काढू नये. शेगडीमागे फोडणीचे तेल उडते तेवढ्या हातभर भिंतीस टाइल लावली, की तिचे खरे काम झाले.