काचपात्रातील शिकारी मासा : ऑस्करची निगा आणि दक्षता

हौसेखातर घरात मासे पाळण्याची प्रथा आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या बाजारातून रंगीत मासे आणून काचपात्रात ठेवणारी कुटुंबे खेड्यांतूनही आढळतात. अशा माशांत ऑस्कर हा मासा विशेष लोकप्रिय आहे. अंगावर काळ्या व नारिंगी छटा, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका आणि खाद्य देणाऱ्यास ओळखून काचेजवळ येण्याची सवय यांमुळे मुलांना त्याचा लळा लागतो. परंतु हा मासा जातीने शिकारी आहे, ही गोष्ट विकत घेताना बहुधा कोणी सांगत नाही.

ऑस्करचा स्वभाव

ऑस्कर हा सिक्लिड कुळातील मासा असून त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत आहे. आपल्याकडे चिलापी म्हणून ओळखला जाणारा टिलापिया मासा याच कुळातील होय. या कुळातील माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते व तिने ते भक्ष्य चिरडतात. ऑस्करच्या तोंडात मावेल तो प्रत्येक लहान मासा त्याचे भक्ष्य ठरतो. म्हणून त्याच्यासोबत गप्पीसारखे लहान मासे ठेवू नयेत.

बाजारात ५ ते ७ सेंटिमीटर लांबीचे पिल्लू मिळते. तेच पिल्लू वर्षभरात २५ सेंटिमीटरच्या आसपास वाढते, पुढे ३० सेंटिमीटरहून मोठे होते आणि नीट निगा राखल्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक जगते. घेण्यापूर्वी या गोष्टीचा विचार झालाच पाहिजे.

काचपात्र व पाणी

एका पूर्ण वाढलेल्या ऑस्करसाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ५५ सेंटिमीटर उंच काचपात्र असावे. त्यात जवळजवळ ३०० लिटर पाणी मावते. या पाण्याचेच वजन ३०० किलोग्रॅम होत असल्याने बैठक भक्कम व सपाट असावी.

माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. तो माशास विषारी असतो. जमिनीत अमोनियायुक्त खताचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू असतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. तशाच प्रकारचे जिवाणू फिल्टरमध्ये वाढून पाणी सुरक्षित करतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पात्रातील मासे पहिल्या पंधरवड्यातच दगावतात, याचे कारण बहुधा हेच असते. फिल्टरमधील स्पंज नळाच्या पाण्याखाली न धुता पात्रातून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावा.

दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे. फवारणीसाठी वापरलेली बादली किंवा पिंप या कामी मुळीच वापरू नये. कीटकनाशकाचा अल्पसा अंशही माशास घातक ठरतो.

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. थंडीत हीटर लावावा व पाणी बदलताना तो बंद करावा. वीज दीर्घकाळ जाते तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा आणि वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये.

खाद्य

शिकारी माशास जिवंत मासेच हवेत, हा समज चुकीचा आहे. जिवंत माशांबरोबर रोगजंतू येतात. शिवाय गोल्डफिशसारख्या काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. तयार दाणेदार खाद्य हा आहाराचा मुख्य भाग असावा. जोडीस कोळंबीचे तुकडे किंवा गांडूळखताच्या खड्ड्यातील स्वच्छ धुतलेली गांडुळे द्यावीत. मटणाची चरबी त्यास पचत नाही. पिल्लांस दिवसातून दोनदा व मोठ्या माशास एकदा, काही मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

मासा नकोसा झाल्यास

मासा मोठा झाला, पात्र अपुरे पडू लागले किंवा मुलांची हौस फिटली, की त्याला शेततळ्यात वा ओढ्यात सोडून देण्याचा विचार मनात येतो. त्यात दया असते, पण परिणाम घातक होतो. शेततळ्यात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली ऑस्करला आयतेच भक्ष्य मिळते. पावसाळ्यात तळे भरून वाहू लागले, की मासा ओढ्यात व तेथून नदीत जातो. मग त्याला परत धरणे शक्य नसते.

मध्य अमेरिकेतील पनामा देशाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९६७ च्या सुमारास पीकॉक बास हा याच कुळातील शिकारी मासा तळ्यात आणला गेला. तेथून तो चाग्रेस नदीत व गातून सरोवरात शिरला. पूर्वी सरोवरात विपुल आढळणाऱ्या आठ स्थानिक जातींपैकी सहा जाती त्याच्या वावराच्या भागातून जवळजवळ नाहीशा झाल्या, असे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. डासांच्या अळ्या खाणारे लहान मासेही त्यात होते.

म्हणून नकोसा मासा विक्रेत्यास परत द्यावा अथवा मोठे पात्र असलेल्या हौशी माणसास द्यावा. तसे न जमल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

ग्रामसेवकांनी सांगावयाच्या गोष्टी

१. माशाची पूर्ण वाढ किती होते, हे विचारूनच तो विकत घ्यावा.
२. आधी पात्र सिद्ध करावे, मग मासा आणावा.
३. पात्रातून काढलेले पाणी परसातील भाज्यांस घालावे, त्यात नायट्रेट असते. ते विहिरीत वा ओढ्यात ओतू नये, कारण त्यातून रोगजंतू पसरतात.
४. काचपात्रातील कोणताही मासा तळे, विहीर, ओढा किंवा नदी यांत सोडू नये.