निबंध मुलीचा की यंत्राचा?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. निबंध आणि प्रकल्प ती चॅटजीपीटीकडून लिहून घेते. भाषा शुद्ध असते, गुणही चांगले मिळतात. मी अडवलं तर म्हणते, 'शाळेत कोडिंग शिकवतात, मग हे का चालत नाही?' काय उत्तर देऊ? (एक पालक, पेडणे)

उत्तर : तिचा प्रश्न रास्त आहे. गोव्यातल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना आहे. त्यात यंत्राने काय करायचं ते मुलीला पायरीपायरीने ठरवावं लागतं, आणि चुकलं तर चूकही तिनेच शोधायची असते. निबंध मागवताना ती फक्त विषय टाइप करते. बाकीचं सगळं यंत्र करतं.

याने नुकसान होतं का? तुर्कस्तानात जवळपास १,००० विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. सरावाच्या वेळी चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असलेल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग साधनाविना परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. थेट उत्तर न देता केवळ सूचना देणारं साधन ज्यांना दिलं होतं, त्यांचं असं नुकसान बहुतांशी टळलं. म्हणून न समजलेला धडा तिने यंत्राला जरूर विचारावा. घरी समजावणारं कोणी नसेल तर तो मोठाच आधार आहे. उत्तर मात्र तिने स्वतः लिहावं.

यंत्राची चूक पकडायलाही आधी स्वतःला माहिती असावी लागते. नार्व्याच्या सप्तकोटेश्वर देवाचंच घ्या. नार्वे नावाचं गाव दिवाडी बेटावर आहे आणि डिचोलीतही आहे. दिवाडीवरचं देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव डिचोलीतल्या नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. यंत्राने या दोन गावांची सरमिसळ केली, तर ज्या मुलीने तिथला जीर्णोद्धाराचा शिलालेख पाहिलेला नाही तिला ती कळणार कशी?

मला तर वाटतं, दोष मुलांपेक्षा आपण देतो त्या विषयांचा जास्त आहे. 'माझा आवडता ऋतू' यावर यंत्र हजार निबंध लिहील. पण पेडण्यात काल्याच्या जत्रेला रात्री दशावतारी नाटक होतं, त्यातले संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. ते छापलेले नसतात, त्यामुळे त्या रात्री राजा आणि राक्षस एकमेकांना काय बोलले हे कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही. जागून ऐकलेली मुलगीच ते लिहू शकेल. असा विषय दिला तर नक्कल करायला जागाच उरत नाही.

शिक्षकांनीही 'हे यंत्राने लिहिलं' असं ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कुणा मुलावर ठपका ठेवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत तुम्ही एवढी मागणी लावून धरा : घरून लिहून आणलेल्या कोणत्याही प्रकल्पाला, त्यावर दोन तोंडी प्रश्न विचारल्याशिवाय गुण देऊ नयेत.