एमडी : वास न येणारी नशा

दारू पिऊन आलेला मुलगा दारातच ओळखू येतो. एमडी घेतलेल्या मुलाच्या तोंडाला वास नसतो, त्याचा तोलही जात नाही. उलट तो भरभर बोलतो, रात्रभर जागतो, जेवायला मागत नाही. घरच्यांना वाटते, पोरगा कामाला लागला. काही तरुण तर 'मी दारूला शिवत नाही' असे अभिमानाने सांगतात. जणू पाचवे शील फक्त बाटलीपुरतेच आहे!

एमडी म्हणजे मेफेड्रोन, बाजारातले नाव 'म्याव म्याव'. ही पांढरी किंवा पिवळसर पावडर १९२९ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार झाली. पुढे युरोपात ती 'झाडांचे खत' म्हणून उघड विकली जात होती. ब्रिटनने २०१० मध्ये तिच्यावर बंदी घातली. भारतात ती फेब्रुवारी २०१५ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आली. तिला अफू-गांजासारखे शेत लागत नाही, रसायने आणि एक शेड पुरते. २०२३ मध्ये नाशिकजवळ आणि २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे असे कारखाने पकडले गेले. पुडीत आणखी काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही पावडर मेंदूतील डोपामाइन आणि सेरोटोनिन ही रसायने एकदम बाहेर सोडायला लावते. त्यातून आनंद आणि जोम वाटतो, पण एक-दोन तासांत तो ओसरतो आणि लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते. एका रात्रीत अनेकदा ओढणारे आहेत. इकडे नाडी धावते, रक्तदाब चढतो, जबडा आवळतो, नाकातून रक्त येते. विशीतल्या मुलालाही हृदयाचा झटका येऊ शकतो. काही दिवस झोप नसली की भास होतात, कोणीतरी मागावर आहे असे वाटते, बायकोवर संशय येतो. याला 'बाहेरचे' समजून बुवाकडे आठ दिवस घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

अंग भट्टीसारखे तापले, झटके आले, छातीत दुखू लागले किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा. हा ताप जंतूंचा नसतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही. कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका. आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगा. 'काहीतरी खाल्ले असेल' या उत्तरात मोलाची मिनिटे जातात.

सोडल्यानंतरचे दिवस जास्त नाजूक असतात. ब्राऊन शुगरसारखे अंग मोडून येत नाही, म्हणून घरच्यांना वाटते संपले. मुलगा दिवसभर झोपतो, खूप खातो आणि मन पार बुडते. जीव द्यावासा वाटतो तो याच काळात. त्याला एकटे ठेवू नका. कोंडणे आणि मारणे तर नकोच. या व्यसनासाठी बदली औषध नाही. समुपदेशन, झोप, उदासीवर उपचार आणि घरच्यांची साथ यांवरच काम होते, त्याला महिने लागतात. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

पोलिसांच्या भीतीने अनेक आईवडील गप्प राहतात. त्यांनी कायद्याचे कलम ६४अ माहीत करून घ्यावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. मेफेड्रोनचे अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत.