शाळेला वेळ द्यायचा असेल तर

निवृत्तीनंतर मी फैजपूर आणि आसपासच्या गावांतल्या सरकारी शाळांत जाते आणि मुलांबरोबर वाचत बसते. त्याला पगार नाही, पदही नाही. ओळखीची माणसं विचारतात, "ताई, आम्हालाही यायचंय, काय करावं लागतं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. वर्गाआधी ऑफिसात जा.

मुख्याध्यापकांना भेटून शाळेला काय हवं आहे ते विचारा. आपल्याला काय द्यायचं आहे, ते नंतर सांगा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमलेली असते. तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या समितीच्या बैठकीत उभं राहून आपलं नाव, आपला वार, कोणत्या वर्गाला आणि कुठे बसणार, हे सगळ्यांसमोर सांगावं. मुलांसोबत नेहमी उघड्यावर बसावं, व्हरांड्यात नाहीतर दार सताड उघडं असलेल्या खोलीत. अनोळखी माणूस माझ्या लेकराजवळ बसतो आहे, ही धाकधूक कुठल्याही आईला वाटणारच, आणि ती वाटलीच पाहिजे.

२. वार ठरवा, आणि तो पाळा.

महिन्यातून एकदा दिवसभर येण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेला एक तास बरा. मूल वाट पाहतं.

३. मूल कितवीत आहे हे विचारू नका, काय वाचू शकतं ते पाहा.

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. 'असर' नावाची पाहणी २००५पासून देशभर होते. तिच्यात स्वयंसेवक खेड्यांतल्या घरोघरी जाऊन मुलाला एक कागद वाचायला देतात. त्यावर आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट असते. एवढ्या साध्या कागदावर मूल नेमकं कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळतं. चौथीतला मुलगा शब्दांवरच थांबत असेल, तर त्याला चौथीचा धडा पुन्हापुन्हा वाचायला लावून काही होत नाही. तो पाठ करतो, बोट फिरवतो आणि आपल्याला वाटतं वाचतो आहे. पान उलटून मधलीच एखादी ओळ दाखवली की खरं कळतं. म्हणून मी तिसरी-चौथी-पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवते. 'प्रथम' या संस्थेने हीच पद्धत अनेक राज्यांत वापरली आहे, आणि ती आपल्या गावातही लागू पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाचायला काय द्यायचं? जे मुलाला आधीच थोडं ठाऊक आहे ते. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या फैजपुरात भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. मंडप आणि कमानी नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या इथल्याच साहित्यातून उभारल्या, आणि खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी सगळ्या तयारीत जीव ओतला. हे मी लहान लहान वाक्यांत, मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. अक्षरं जुळवताना दमणारी मुलंसुद्धा ते नेटाने वाचतात, कारण त्यात त्यांच्या गावाचं नाव आहे. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री असताना १९६७ साली पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती स्थापन झाली, आणि १९७१ साली तिचं 'किशोर' मासिक निघालं. 'किशोर'चे जुने अंक आज इंटरनेटवर मोफत मिळतात. शाळेत प्रिंटर असेल तर एकेक गोष्ट काढून घ्यावी. मुलांच्या दप्तरातलं पुस्तक शेजारच्या खिरोद्याशी असं जोडलेलं आहे, हे त्यांना सांगितलं तर ती पहिलं पान उघडून बालभारतीचं नाव शोधतात.

४. घरची बोली दाराबाहेर ठेवायला लावू नका.

कुणाच्या घरी लेवा बोली, कुणाच्या घरी अहिराणी, सातपुड्याकडून आलेल्यांच्या घरी तडवी किंवा पावरी. "मले येत नही," असं म्हणणाऱ्या मुलाला मी वाक्य सुधारून देत नाही. गोष्ट त्याने त्याच्या बोलीत सांगावी, मी ती तशीच देवनागरीत लिहून घेते, आणि मग आपलंच बोलणं तो कागदावरून वाचतो. पुस्तकातली भाषा हळूहळू येते. आधी तोंड उघडायला हवं.

५. गैरहजेरीमागे शेताचं वेळापत्रक असतं.

दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग विरळ होतो. केळी कापणीला आईबाप पहाटेच निघतात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. काही कुटुंबं ऊसतोडीला दूर जातात. त्यांच्या मुलांना गावातच राहून शाळा चालू ठेवता यावी म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, पण ती घरापर्यंत पोचवायला कुणालातरी वेळेत, निघण्याच्या आधी, दारात जावं लागतं. घरी राहणाऱ्या मुलीची आई संध्याकाळी कामावरून परतली की तिच्याशी बोलावं, तक्रारीच्या सुरात नव्हे. "ती छान वाचते, उद्या पाठवा," एवढं पुरतं. त्या आईला शाळेकडून असं वाक्य ऐकायची सवय नसते.

६. वह्या वाटण्याआधी डोळे पाहा.

पुस्तकं सरकार देतं, पण ती मुलाला नीट दिसतात का, हे आपण पाहावं. जी मुलगी पुस्तक नाकाला लावून वाचते, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते, तिला बहुधा चष्मा लागत असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्याआधी वर्गशिक्षकांना तिचं नाव देऊन ठेवावं, आणि पुढे ग्रामीण रुग्णालयापर्यंत तिच्याबरोबर जायला घरचं कुणी मोकळं नसेल तर, आईबापांना विचारून, आपण जावं. पैसे देण्यापेक्षा असं सोबत जाणं मला जास्त मोलाचं वाटतं.

७. शिक्षकांची बाजू सोडू नका.

निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, शालेय पोषण आहाराचा हिशेब: ही कामं सांभाळून ते शिकवतात. मुलांसमोर त्यांच्याविषयी उणा शब्द काढू नये. आपण एका वेळी चार मुलांजवळ बसतो, त्यांच्यासमोर चाळीस असतात.

८. उन्हाळा मोकळा सोडू नका.

मार्चपासून सकाळची शाळा, मग लांब सुट्टी. इतक्या दिवसांत नुकतं जमलेलं वाचन पुसट होतं. आम्ही मे महिन्यात सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, देवळाच्या ओट्यावर बसतो. दहावी झालेल्या मुली येतात, बचत गटातल्या बायका येतात, आणि त्यांच्यातल्या काहीजणी मुलांबरोबर स्वतःही वाचायला लागल्या आहेत. जूनमध्ये पहिलीची नवी मुलं येतील, तेव्हा आणखी माणसं लागतील. पावरी किंवा तडवी बोलता येणारं कुणी असेल तर फार बरं होईल.