डिझेलच्या गाडीत पेट्रोल

पेट्रोल निराळे, डिझेल निराळे. पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा जोराने दाबतात. ती फार तापते, आणि तिच्यात डिझेल आपोआप पेटते.

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो ना? डिझेल तेलकट असते. इंजिनाच्या पंपाला त्याचेच वंगण मिळते. पेट्रोलमध्ये हा गुण नाही. मग लोखंडावर लोखंड घासते, कीस पडतो, पंप बिघडतो.

चुकून पेट्रोल भरले, तर किल्ली फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी. जवळपास विडी ओढू नये. मिस्त्रीकडून टाकी रिकामी करवावी. खर्च थोडक्यात भागतो.

आता आपल्याला वाचता येते. तेल भरताना नळीवरचे नाव आपणच वाचू. मगच ‘भर’ म्हणू.